डोंगर कोणाच्या नावे?

कापसाचा आणि सोयाबीनचा हंगाम संपून शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आले की भोकर तालुक्यातील गावोगावी घरांची बांधकामे निघतात. बांधकामे निघाली की बाजारपेठेतील सळई, पत्रे, अँगल आणि सिमेंट यांची मागणी वाढते. ही देवघेव कित्येक व्यापारी कुटुंबांचा पिढीजात व्यवसाय आहे. सळईच्या बिलावर वजन, दर, वाहतूक भाडे, हमाली आणि जीएसटी यांचा चोख तपशील असतो. एक रकाना मात्र कोणत्याही बिलावर नसतो. ज्या डोंगरातून हे लोखंड निघाले, तो डोंगर ज्यांच्या नित्यजीवनाचा आधार होता, त्यांनी या मालासाठी काय मोजले, याची नोंद कोठेही होत नाही.

खतावणीचा नियम व्यापाऱ्याच्या घरातील मुलालाही ठाऊक असतो. एका खात्यावर रक्कम जमा झाली की ती दुसऱ्या कोणाच्या तरी नावे पडतेच. खनिज कोणाच्या खात्यावर जमा होते, हे उघड आहे. ते कोणाच्या नावे पडते, हा प्रश्न या लेखाचा विषय आहे.

जुन्या नकाशावरचे शेजारी

भोकरहून रेल्वेने हिमायतनगरमार्गे किनवटकडे जाताना हळूहळू जंगल आणि डोंगर सुरू होतात. किनवट-माहूरच्या या पट्ट्यात आंध, गोंड, कोलाम, परधान या आदिवासी समाजांची वस्ती आहे, आणि किनवट परिसरातील गावे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील अनुसूचित क्षेत्रात येतात. निजामाच्या राजवटीत किनवट आणि राजुरा हे दोन्ही तालुके आदिलाबाद जिल्ह्याचे भाग होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते नांदेड जिल्ह्याला जोडले गेले, आणि १९५९ मध्ये राजुरा तत्कालीन चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात गेला. म्हणजे काही वर्षे राजुऱ्याचा कोलाम आणि भोकरचा व्यापारी एकाच जिल्ह्याचे रहिवासी होते. जल, जंगल आणि जमीन यांवरील हक्कासाठी निजामाच्या सत्तेशी झुंजताना १९४० मध्ये प्राण देणारे कुमराम भीम हेही याच आदिलाबादच्या मुलखातील गोंड वीर होते.

याच जुन्या राजुरा तालुक्याच्या पोटात चुनखडीचे मोठे साठे आहेत. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही ही नावे मराठवाड्यातील सिमेंटच्या व्यापाऱ्यांना अपरिचित नाहीत, कारण तेथे मोठे सिमेंट कारखाने उभे आहेत. त्याच परिसरातील जिवती तालुक्यात, कुसुंबीच्या आसपासच्या कोलाम कुटुंबांनी चुनखडीच्या खाणीत गेलेल्या जमिनींचा मोबदला आणि हक्क मिळावा म्हणून वर्षानुवर्षे आंदोलने केली आहेत. यवतमाळ जिल्ह्यात झरी-जामणी तालुक्यातील मुकुटबन येथेही अलीकडच्या काळात मोठा सिमेंट प्रकल्प सुरू झाला, आणि तोही कोलामांचाच प्रदेश आहे. महाराष्ट्रातील ज्या तीन आदिवासी समूहांना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित मानले आहे, ते म्हणजे कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. यांपैकी दोन समूहांच्या भूमीखाली सिमेंटचा दगड आणि लोखंडाचे खनिज आहे. महाराष्ट्राच्या बांधकामाचा पाया आणि राज्यातील सर्वांत दुर्बल माणसांचे घर एकाच जागी आहे. पुढच्या सर्व प्रश्नांचे मूळ या योगायोगात आहे.

सुरजागडची टेकडी

भोकरपासून सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटर पूर्वेला, गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगररांगा आहेत. जिल्ह्याचा सुमारे सत्तर टक्के भूभाग वनाच्छादित आहे. या डोंगरांत उच्च प्रतीचे लोहखनिज आहे. माडिया गोंडांसाठी हा डोंगर ठाकूरदेवाचे स्थान आहे. दरवर्षी जानेवारीत तेथे यात्रा भरते आणि सुरजागड इलाख्यातील गावांबरोबरच दूरदूरच्या पाड्यांवरून माणसे पायी येतात. १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव करून चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी गेलेले वीर बाबूराव शेडमाके यांची स्मृतीही येथील लोक या डोंगराशी जोडतात. तीर्थक्षेत्राची टेकडी म्हणजे काय, हे जैन वाचकाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. गिरनार, सम्मेदशिखर, मांगीतुंगी, कुंथलगिरी ही नावे उच्चारली तरी पुरे.

२००७ मध्ये या डोंगरावरील सुमारे ३४८ हेक्टर, म्हणजे साधारण ८६० एकर क्षेत्राचा खाणपट्टा लॉईड्स मेटल्स या कंपनीला मिळाला. नक्षलवाद्यांच्या विरोधामुळे काम दीर्घकाळ सुरू होऊ शकले नाही. २०१३ मध्ये त्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्याची हत्या केली. २०१६ मध्ये पोलिस बंदोबस्तात उत्खनन सुरू झाले, तेव्हा त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुमारे ८० वाहने जाळण्यात आली. २०२१ पासून खाण पुन्हा आणि वेगाने सुरू झाली. २०२३ मध्ये तिची वार्षिक क्षमता ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यास पर्यावरण मंजुरी मिळाली. २०२५ मध्ये खनिजावर प्रक्रिया करणाऱ्या प्रकल्पासाठी ९०० हून अधिक हेक्टर वनजमीन वळवण्यास केंद्राकडून तत्त्वतः मान्यता मिळाली, आणि या जमिनीवरील झाडांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. दरम्यान याच डोंगररांगांतील आणखी सहा खाणपट्ट्यांचा लिलाव झाला, त्यांचे एकत्रित क्षेत्र साडेचार हजार हेक्टरांहून अधिक आहे.

या आकड्यांचा अर्थ रस्त्यावर कसा दिसतो, ते साध्या गणिताने समजते. वर्षाला १ कोटी टन म्हणजे दररोज सुमारे २७ हजार टन. एका ट्रकमध्ये ३० टन माल धरला तरी दिवसाला नऊशेहून अधिक भरलेल्या खेपा होतात, आणि तितकेच रिकामे ट्रक परत येतात. आलापल्ली-आष्टी मार्गाची चाळण, रस्त्याकडेच्या पिकांवर बसणारी लाल धूळ आणि अपघातांत गेलेले जीव यांमुळे त्या भागात वारंवार संताप उसळला. जुलै २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी अशी खनिजाचा गाळ वाहून नेणारी नळवाहिनी सुरू करण्यात आली. तिच्यामुळे रस्त्यावरील भार हलका होण्याची अपेक्षा आहे. पण दुखणे केवळ रस्त्याचे नाही.

डोंगर खणला की काय होते

लोहखनिजाची खाण उघडी असते. आधी झाडे तोडली जातात, मग वरची सुपीक माती आणि निरुपयोगी दगड काढून बाजूला रचला जातो, आणि त्यानंतर पायऱ्या पाडत डोंगर कापला जातो. मध्य भारतातील डोंगर हा पाण्याचा साठा असतो. पावसाळ्यात झाडांच्या मुळांनी आणि दगडांच्या भेगांनी जिरवलेले पाणी तो उन्हाळ्यापर्यंत झऱ्यांतून थोडे थोडे सोडत राहतो. माथा कापला गेला की हा साठा फुटतो. पावसाचे पाणी जिरण्याऐवजी एकदम वाहते, आणि वाहताना बाजूला रचलेल्या ढिगांतील लाल, लोहयुक्त गाळ घेऊन खाली उतरते. तो नाल्यात जातो, नाल्यातून भाताच्या खाचरात पसरतो. गाळाचा थर वाळून कडक झाला की त्या जमिनीत रोप धरत नाही. सुरजागडच्या पायथ्याशी असलेल्या मल्लमपाडी गावातील शेतकऱ्यांनी हीच तक्रार केली आहे.

ही केवळ भीती नाही, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या छत्तीसगडमधील बैलाडिला येथे १९६८ पासून लोहखनिजाचे उत्खनन चालू आहे. तेथील शंखिनी नदीचे पाणी खाणीच्या गाळाने लाल झाले आणि काठावरच्या आदिवासी गावांची पिण्याच्या पाण्याची सोय हरपली.

माडिया माणसाच्या घरात पैसा कमी असतो, परंतु जंगल त्याची कोठी असते. बांबू, तेंदूपाने, मोहाची फुले, चारोळी, हिरडा, बेहडा, कंदमुळे, औषधी वनस्पती आणि सरपण यांवर त्याचे वर्ष निघते. दुष्काळात भात गेला तरी जंगल तगवते. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर ही त्याची मूळ पुंजी आहे, आणि तिच्या व्याजावर घर चालते. खाणीत मजुरी मिळाली तर दरमहा रोख रक्कम हाती येते, हे खरे. पण पुंजी मोडून आलेला पैसा आणि व्याजाचा पैसा यांत काय अंतर असते, हे ज्याच्या दुकानाने दोन पिढ्या पाहिल्या आहेत त्याला समजावून सांगावे लागत नाही. खनिज संपते, तेव्हा खाण बंद होते. तोडलेले जंगल मात्र माणसाच्या एका आयुष्यात परत येत नाही.

सामाजिक परिणाम याहून खोल असतात. एकाच गावात खाणीत नोकरी मिळालेले आणि जमीन गेलेले असे दोन तट पडतात. बाहेरगावचे ट्रकचालक, ठेकेदार आणि त्यांच्यामागून येणारी दारूची दुकाने यांमुळे गावाचा पोत बदलतो. विरोध करणाऱ्यावर नक्षल समर्थक असल्याचा संशय येतो आणि पाठिंबा देणाऱ्यावर नक्षलवाद्यांचा राग ओढवतो. दोन बंदुकांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाला आपले खरे मत मोकळेपणी मांडण्याची सोयच उरत नाही.

शंभर रुपयांचा हिशेब

दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. गडचिरोली हा राज्यातील अत्यंत मागास जिल्हा आहे. तेथील तरुणाला नोकरी हवी आहे, गरोदर स्त्रीला दवाखाना हवा आहे, मुलांना शाळा हवी आहे. कंपनीने हेडरी येथे रुग्णालय आणि शाळा उभारली, कोनसरीत कारखाना सुरू केला, स्थानिकांना प्रशिक्षण आणि रोजगार दिला. पूर्वी ज्या भागात शासनाचा साधा कर्मचारीही जाण्यास कचरत असे, तेथे या सोयी झाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. लोखंडाशिवाय पूल, रेल्वे, रुग्णालये आणि घरे उभी राहणार नाहीत, हेही उघड सत्य आहे.

तरीही हिशेब मांडून पाहावा. लोहखनिजावर सरासरी विक्रीमूल्याच्या १५ टक्के स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, आकारले जाते. म्हणजे १०० रुपयांच्या खनिजामागे १५ रुपये राज्याच्या तिजोरीत जातात. २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठान नावाचा निधी निर्माण झाला. त्यापूर्वी दिलेल्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांएवढी रक्कम या निधीत भरावी लागते, म्हणजे १०० रुपयांमागे साडेचार रुपये. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण यांसाठी खाणबाधितांच्या वाट्याला कायद्याने ठेवलेला हिस्सा एवढाच. तोही रोख हाती पडत नाही. जिल्हा पातळीवरील समितीने मंजूर केलेल्या कामांच्या रूपाने तो येतो. एखाद्या भागीदारीत ज्याने संपूर्ण भांडवल, म्हणजे डोंगर, जंगल आणि पाणी, गुंतवले त्याचा हिस्सा साडेचार टक्के, आणि तो कसा खर्च करावा हे ठरवण्याचा अधिकारही प्रामुख्याने दुसऱ्यांकडे, असा करारनामा कोणता व्यापारी सही करील?

विचारले कोणाला?

देशाच्या कायद्यानेच हा प्रश्न अनुत्तरित ठेवलेला नाही. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मान देतो, आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनावर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्यांचे वैयक्तिक आणि सामूहिक हक्क मान्य केले. ३ ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकाने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने असे बंधन घातले, की वनजमीन अन्य कामासाठी वळवण्यापूर्वी संबंधित ग्रामसभांची संमती घ्यावी. पुढे २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राच्या मंजुरीपूर्वी ही पूर्तता तपासण्याची पद्धत सैल केली आणि जबाबदारी राज्यांकडे ढकलली.

संमती खरोखर विचारली की काय घडते, याचे उदाहरण ओडिशातील नियमगिरीचे आहे. तेथील डोंगराखाली बॉक्साइट होते आणि डोंगरावर डोंगरिया कंधांचा नियमराजा हा देव. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ च्या निकालात सांगितले, की या लोकांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांना बाध येतो की नाही, याचा विचार ग्रामसभांनी करावा. त्या वर्षी बारा गावांच्या ग्रामसभा भरल्या आणि बाराही गावांनी खाणीला नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने प्रकल्प नामंजूर केला.

सुरजागडच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये हजारो आदिवासी खाणीच्या विरोधात एटापल्लीत जमले. २०२२ मध्ये विस्ताराच्या प्रस्तावावरील जनसुनावणी खाणीजवळच्या गावांत न होता शंभराहून अधिक किलोमीटर दूर, गडचिरोली या जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. मजुरी बुडवून, जंगलातून वाट काढत तेथे किती जण पोहोचू शकतील, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा. मार्च २०२३ मध्ये तोडगट्टा या लहानशा गावी आसपासच्या अनेक गावांतील माणसांनी झोपड्या बांधून ठिय्या दिला. नव्या खाणी आणि त्यांच्यासाठी होणारे रुंद रस्ते यांना त्यांचा विरोध होता. आठ महिन्यांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, पोलिस कारवाईनंतर ते आंदोलन उठले.

संमतीचा आणि नियमांचा हा आग्रह केवळ नीतीपुरता नाही, त्यात व्यवहारही आहे. गोव्यातील खाणउद्योगाचे उदाहरण मराठी व्यापाऱ्यांना जवळचे आहे. नियम धाब्यावर बसवून झालेल्या उत्खननाचा शहा आयोगाने पर्दाफाश केला आणि २०१२ मध्ये खाणी थांबल्या. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. कर्ज काढून ट्रक आणि बार्ज घेतलेल्या सामान्य कुटुंबांची त्यात वाताहत झाली. ज्या धंद्याचा पाया वादग्रस्त, त्यात लावलेले पैसेही सुरक्षित नसतात.

न दिलेले घेऊ नये

या विषयाकडे पाहण्याची जैन गृहस्थाची स्वतःची एक दृष्टी आहे, आणि ती कोणत्याही पर्यावरण चळवळीहून पुष्कळ जुनी आहे. माती, दगड आणि खनिज यांनाही पृथ्वीकाय जीव मानणारी ही परंपरा आहे. उपासकदशांग सूत्रात श्रावकाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांची, म्हणजे कर्मादानांची, गणना आहे. त्यांत वन तोडण्यावर चालणारे वनकर्म आहे आणि भूमी फोडण्यावर चालणारे स्फोटकर्मही आहे. खाणीचा व्यवसाय या दुसऱ्या प्रकारात मोडतो. शास्त्रकारांना व्यापार नको होता असे नाही. त्यांचे श्रोते बहुधा व्यापारीच होते. कोणत्या नफ्यामागे किती जीवांचा आधार तुटतो, याचे मोजमाप त्यांनी व्यापाऱ्यांच्या हाती दिले.

गृहस्थाला उद्योगी हिंसा पूर्णतः टाळता येत नाही, हे परंपरेने मान्य केले आहे. घर बांधायचे तर लोखंड लागणारच. पण अपरिहार्य आणि अनिर्बंध यांमधील सीमा कोठे आहे, हे विवेकाने ठरवावयाचे असते. येथे तिसरे व्रत मार्ग दाखवते. अचौर्याचे शास्त्रीय नाव अदत्तादान-विरमण असे आहे. जे दिले गेले नाही, ते न घेणे, हा त्याचा अर्थ. या व्रताच्या अतिचारांत तदाहृतादान, म्हणजे इतरांनी अयोग्य रीतीने आणलेला माल विकत घेणे, हाही दोष सांगितला आहे. शास्त्रकारांच्या डोळ्यांसमोर चोरीचा माल होता, आणि सरकारी परवान्याने निघालेले खनिज कायद्याच्या दृष्टीने चोरीचे ठरत नाही. तरीही व्रताचा रोख देण्याघेण्याच्या मुळावर आहे. माल कोणी दिला आणि देणाऱ्याला नाही म्हणण्याची मुभा होती का, हा तो रोख. ग्रामसभेची संमती ही आधुनिक कायद्यातील संकल्पना आणि अदत्तादानाचा प्राचीन विचार येथे एकमेकांना भेटतात.

दुकानाच्या पायरीपासून

भोकरसारख्या गावातील व्यापारी कुटुंबाने सुरजागडच्या बाबतीत काय करावे, असा प्रश्न स्वाभाविक आहे. एकट्या दुकानदाराने सळई विकणे थांबवून काही साधणार नाही. मात्र काही गोष्टी हातातील आहेत.

पहिली गोष्ट भंगाराची. जालन्याच्या पोलाद कारखान्यांच्या भट्ट्यांत भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून सळई तयार होते. भारत सरकारच्या २०१९ च्या भंगार पुनर्वापर धोरणानुसार एक टन पोलादी भंगार वापरले की सुमारे १.१ टन लोहखनिज आणि ६३० किलो कोळसा वाचतो. भंगाराचा व्यवसाय समाजात हलका मानला जातो, वस्तुतः तो डोंगर वाचवणारा व्यवसाय आहे. जुन्या इमारतीची सळई, मोडकी अवजारे, जिनिंगची जुनी यंत्रे यांचे योग्य वर्गीकरण करून ती भट्टीपर्यंत पोहोचवणे, तसेच कारखान्याच्या प्रतिनिधीला सळईतील भंगाराचे प्रमाण विचारणे आणि ग्राहकाला सांगणे, हे सहज शक्य आहे. दहा दुकानदारांनी हा प्रश्न विचारला तर अकराव्याला उत्तर तयार मिळेल.

दुसरी गोष्ट काटकसरीची. योग्य अभियंत्याकडून आराखडा करून घेतल्यास घरात अनावश्यक सळई आणि सिमेंट घातले जात नाही. मंदिर, धर्मशाळा, मंगल कार्यालय यांच्या बांधकाम समित्यांत जैन व्यापारीच असतात. आवश्यक तेवढेच बांधणे हा परिग्रह-परिमाणाचाच एक भाग आहे.

तिसरी गोष्ट गुंतवणुकीची. अनेक कुटुंबांची बचत शेअर बाजारात आणि म्युच्युअल फंडात आहे, त्यात खाण, पोलाद आणि सिमेंट कंपन्यांचे समभागही असतात. सेबीच्या नियमांनुसार बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध करावा लागतो. लाभांश मोजताना तो अहवाल उघडून पाहणे, बाधित गावांच्या तक्रारी किती आल्या आणि किती सुटल्या हे तपासणे, आणि वार्षिक सभेत भागधारक म्हणून त्याबद्दल विचारणे, हा अधिकार एक समभाग असणाऱ्यालाही आहे.

चौथी गोष्ट खरेदीची. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. त्यानंतर जिल्ह्यातील कित्येक ग्रामसभा आपला बांबू आणि तेंदूपाने स्वतः लिलाव करून विकू लागल्या. व्यापारी तेथे जातो, बोली लावतो, ग्रामसभा भाव ठरवते आणि पैसा गावाच्या खात्यावर येतो. बांबू दरवर्षी कापला तरी पुन्हा उगवतो. किनवट-माहूरच्या जंगलातही चारोळी, हिरडा, बेहडा गोळा करणारी हजारो हात आहेत. मधल्या दलालांची साखळी तोडून, चोख वजन आणि रोख भाव देऊन हा माल थेट घेणारा व्यापारी त्या घरांना खाणीविना जगण्याचा आधार देतो, आणि स्वतःही तोट्यात जात नाही.

आदिवासी गावाला खाण हवी असेल, तर ती होऊ द्यावी. नको असेल, तर त्याच्या नकारालाही तेवढेच वजन असावे. सौदा तेव्हाच खरा, जेव्हा समोरचा उठून जाऊ शकतो, हे बाजारात बसणाऱ्याइतके कोणालाच ठाऊक नसते. सुरजागडच्या माडियाला ती मुभा मिळेपर्यंत डोंगराची रक्कम त्याच्याच नावे पडत राहील, आणि खतावणी कितीही नेटकी लिहिली तरी ताळेबंद जुळणार नाही.